आधी कोण उतरणार

गॉस्पोर्टच्या धक्क्यावर, पोर्ट्समथला जाणाऱ्या फेरीबोटीच्या रांगेत, दोन म्हातारे माझ्या पुढे होते.

"ॲडमिरलसाहेब! ओळखलंत? मी डॉड. तुमची लाँच चालवायचो."

"डॉड? अरे, केवढं पोट सुटलंय तुझं!"

"बायकोची कृपा. चला, चढा साहेब."

"आधी तू. नौदल विसरलास काय? धाकटा आधी चढतो, मोठा सगळ्यांत शेवटी."

"आणि धक्क्याला लागलं की मोठा आधी उतरतो. विसरेन कसा? तुमच्या आधी उडी मारली म्हणून एका पोरसवदा लेफ्टनंटला तुम्ही महिनाभर किनारा बघू दिला नव्हता."

"माझा मुलगा होता तो, रॉडरिक."

"माहीत आहे साहेब. आई धक्क्यावर उभी दिसली, म्हणून धावला बिचारा."

"नियम म्हणजे नियम. त्या दिवसापासून तो मला घरीसुद्धा 'सर'च म्हणायचा."

"तुम्ही तर खरेखुरे 'सर' झालात की! पेपरात किताब घेतानाचा फोटो पाहिला. कसली पदकं, काय रुबाब! आणि रॉडरिकसाहेब कुठे असतात आता?"

"या पिशवीत. फेब्रुवारीत गेला. आज त्याची राख समुद्रात सोडायचीय."

"अरे देवा."

"तुला कसं माहीत असणार?"

डॉड आधी चढला, मागून ॲडमिरल. बोट पलीकडे लागली.

"साहेब, पोचलो. उतरा, मान तुमचा."

"कसला मान, डॉड? तो पुन्हा माझ्या आधी उतरला. आता कुणाला शिक्षा करू?"