निरोपाचा फेटा

(साताऱ्याजवळचा एक गिअर कारखाना. बाहेर मंडप घातलाय. आत एकच लेथ चालू.)

पुष्कर : जोतीरामभाऊ, मशीन बंद करा. फेटेवाला खोळंबलाय.

जोतीराम : पुष्करसाहेब, शिफ्ट चालू हाय. सुटली की बगू.

पुष्कर : अहो, सत्कारमूर्ती तुम्ही. शिफ्ट कसली बघताय?

जोतीराम : पर सत्कार कशापायी?

पुष्कर : प्रदीर्घ सेवेबद्दल. पत्रिकेत छापलंय.

जोतीराम : सेवा संपली न्हाई माजी अजून.

पुष्कर : म्हणूनच आज उरकायचंय. माणसं कमी करायचीत, तुम्हाला ठाऊक आहे.

जोतीराम : मग करा की. नोटीस द्या, कायद्यानं बसंल ती भरपाई द्या. शाल कशाला?

पुष्कर : ‘कपात’ शब्द कंपनीला बोचतो. आपखुशीनं गेलात तर दोन्हीकडून मान राहतो.

जोतीराम : माज्या शेजारच्या मशीनवरच्या नाथाजीचा ऱ्हायला की. फेटा बांधून घरी गेला, मग शुद्धीवर आला. कामगार कार्यालयात जाऊन म्हनला, मला काडलंय. तर तुमी सत्काराचा फोटू फुडं केला.

पुष्कर : फोटो खरा होता.

जोतीराम : व्हय. हसत व्हता गडी. काडलेला मानूस येवढा खूश कसा, ह्याचं त्याला उत्तर देता येईना.

पुष्कर : मग तुम्ही हसू नका. माझी हरकत नाही.

जोतीराम : जावा तुमी. मला ह्यो नग पुरा करायचाय.

पुष्कर : भाऊ, वहिनी आल्यात. पाटणला गाडी पाठवली होती. जोडीनं सत्कार आहे.

जोतीराम : दीपमालाला आनलं? मला न इचारता?

पुष्कर : पुढच्याच रांगेत बसवलंय. हे बघा, तुम्ही नाही आलात तर वरचे मला धरतील.

जोतीराम : तर तुमचाबी सत्कार करतील.

पुष्कर : मला कोण मंडप घालतंय? मी अधिकारी. तुमच्यासारखा कायदा नाही आम्हाला, एका ईमेलवर जातो आम्ही. या वहिनी, बरं झालं आलात. समजवा यांना.

दीपमाला : आवं, तिकडं स्पीकरवर तुमचं नाव घ्यायला लागल्यात. सेवानिवृत्त म्हनं.

जोतीराम : साडी दिली का तुला?

दीपमाला : दावली. रंग लय चांगला हाय.

जोतीराम : घेतलीस?

दीपमाला : त्या बाई म्हनल्या, आदी हितं सही करा. म्हनलं, ज्यांची नोकरी हाय त्यांस्नी इचारून येते.

पुष्कर : वहिनी, ती नुसती साडीची पोच आहे.

दीपमाला : मग ऱ्हाऊ द्या साडी.

पुष्कर : अहो, पाहुणे येऊन बसलेत. हार आलेत. बाहेर जाऊन मी सांगू काय?

दीपमाला : सांगा, त्ये कामावर हायत.