साबणाने धुतलेलं करडू

कलकत्त्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात वृंदा मीठ लावून पेरू खात बसली होती. शेजारी लीलाताई शेळी आणि उपाशी करडू घेऊन बसल्या होत्या. पलीकडचा म्हातारा मंगोल मेंढपाळ त्यांच्याशी हिंदीत बोलत होता.

"कालपासून पाजत नाही हो. लाथाच मारते."

"पिल्लाला धुतलंत?"

"जन्मल्याबरोबर! साबण लावून."

"मग तिनं ओळखायचं कसं, बाई? वास तुम्ही धुऊन टाकलात. आता मीठ चोळा. चाटेल, आणि चाटलं की आपलं म्हणेल."

"डॉक्टरांना विचारू का?"

"आमच्याकडे डॉक्टर चार दिवसांच्या वाटेवर. मेंढ्या इतक्या थांबत नाहीत."

वृंदाने मिठाची पुडी पुढे केली. लीलाताईंनी करडाच्या अंगाला मीठ चोळून ते शेळीपुढे धरलं.

"हुंगून तोंड फिरवलं हो!"

"फिरवू दे. परत येईल."

थोड्या वेळाने आतून कंपाउंडरने हाक मारली, "लीलाबाई, डॉक्टर बोलावताहेत!"

"जरा थांबा म्हणावं. बाळ पितंय."