प्रसेत्यो सरांची वाफ

नाव रुमियाती, वय ४३ वर्षे, धंदा कारखान्यात लवंगी, म्हणजे तंबाखूत लवंग घातलेली सिगारेट वळणे, राहणार मशिदीमागची गल्ली, कुदुस, मध्य जावा.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, मी वरील पत्त्यावर माझी मुलगी वेनिंग, वय १६, हिच्यासोबत राहते. माझे पती नऊ वर्षांपूर्वी छातीच्या आजाराने वारले. ते ओढत असत. मी वीस वर्षे सिगारेट वळते, पण स्वतः कधी ओढलेली नाही आणि कारखान्यातली एकही घरात आणलेली नाही.

तक्रारदार प्रसेत्यो सर हे वेनिंगच्या शाळेत खेळाचे शिक्षक आहेत. गेल्या वर्षी पालकसभेत त्यांनी मला सर्वांसमोर उभे केले आणि म्हणाले, "रुमीबाई, पोरीला तंबाखूपासून लांब ठेवायचं असेल तर आधी आईचे हात धुवायला हवेत." त्या दिवसापासून वेनिंग माझ्या हातचा घास घेईना. माझ्या मनाला लागले. पण सरांचे म्हणणे पटले होते, म्हणून पोरगी त्यांच्याच व्हॉलीबॉलच्या संघात घातली. ईदला त्यांच्या घरी माझ्या हातची नारळाच्या दुधातली कोंबडी पाठवली. ती त्यांनी खाल्ली.

यंदा ऑगस्टपासून सर सराव संपल्यावर मैदानाशेजारच्या व्हेपच्या दुकानाबाहेर बसू लागले. हातातले व्हेपचे यंत्र ओढून अननसाच्या वासाची वाफ सोडायचे, तिची गोल वर्तुळे करून दाखवायचे. पोरी मोबाईलवर शूटिंग करायच्या. मी वेनिंगला विचारले तर म्हणाली, "आई, ती काय सिगारेट आहे? नुसती वाफ आहे. वाईट असती तर सरांनी ओढली असती का?" मलाही ते खरे वाटले. सप्टेंबरमध्ये तिच्या दप्तरात तसलेच यंत्र सापडले, तेव्हा मी रागावले नाही. ही चूक माझी आहे, ती लिहून घ्यावी.

दि. १२ ऑक्टोबर रोजी, रविवारी, कपडे धुताना तिच्या गणवेशाच्या खिशात लवंगी सिगारेट सापडली. आमच्याच कारखान्याची होती. मी विचारले, "ही कशाला?" ती म्हणाली, "वाफेनं आता काही होत नाही. आणि तूच वळतेस की दिवसभर."

दि. १४ रोजी दुपारी साडेचारला मी त्या दुकानापाशी गेले. तेथे सर आणि वेनिंगसह पाच मुली होत्या. मी म्हणाले, "सर, पोरींसमोर नका हो ओढू. माझी आता सिगारेटवर आलीय." सर हसून म्हणाले, "सिगारेट तुम्ही वळता आणि जाब मला विचारता? ही वाफ आहे, रुमीबाई." मुली हसल्या. वेनिंगही हसली. मी सरांच्या हातातले यंत्र काढून घेतले आणि दुकानातल्या बर्फाच्या बादलीत टाकले. त्याचे नुकसान मी भरून देईन.

मी सरांच्या थोबाडीत मारली असे वेनिंगने तिच्या जबाबात सांगितल्याचे मला आज येथे कळले. मी सरांना मारलेले नाही. वेनिंग तीन पावलांवर उभी होती, तिने सगळे पाहिले आहे. ती असे का सांगते, हे कृपा करून मला विचारू नये. नवरा गेला तेव्हाही मला इतके एकटे वाटले नव्हते.

माझा चष्मा घरी राहिल्याने वरील मजकूर बाहेर बाकावर बसलेल्या वेनिंगला आत बोलावून तिच्याकडून वाचून घेतला. 'मी सरांना मारलेले नाही' हे वाक्य तिने वाचले नाही. हवालदारांनी त्यावर बोट ठेवले, तरी ती पुढच्या ओळीवर गेली. शेवटी ते वाक्य हवालदारांनी वाचले. जबाब मी सांगितला तसाच आहे आणि तो खरा आहे, त्या वाक्यासकट.