पदराखालचा जावई

— माल न्हाय, लेकरू हाय म्हणते की जमादार! कितीदा सांगू? गाठोडं कवा उचक्या देताना बघितलंय का तुमी? हात लावा, लावा की — गरम हाय का न्हाय? कापडाचा तागा असा गरम असतोय व्हय? लढाई सुरू झाल्यापासनं तुमास्नी जिकडं तिकडं कंट्रोलचं कापडच दिसायलंय. हे लुगडं माझ्या सासूचं हाय, दोन जागी ठिगळ हाय, बार्शीच्या बाजारात कुणी फुकट घ्यायचं न्हाय ह्याला. आन् गळ्यात काय बांधलंय म्हणताव? लिंग हाय ते. आमच्यात जन्मल्या-जन्मल्या बांधत्यात. चांदी न्हाय, चिंधी हाय, आन् चिंधीत देव हाय — देवावर जकात बसवली का निजाम सरकारनं? न्हाय ना? मग नाक्याचा बांबू वर करा आन् गाडी सोडा. घरी माझी सून तापानं फणफणायलीय.

पोरगं कुणाचं? माझ्या लेकीचं. गुरुलिंग नाव. ती बघा गाडीत पाठ करून बसलीय, ती माझी लेक शांताक्का, पलीकडं पांगरीला दिलीय, इंग्रजी मुलखात. आन् आई गाडीत असताना लेकरू आजीच्या काखेत कामून? शाणे हाव जमादार, बरोबर जागी बोट ठेवलं. तिच्याजवळ दिलं की त्याला वास येतोय, वास आला की त्यो पदरात घुसतोय, आन् आज त्याला भुकेला न्यायचाय. सकाळी एकदा पाजलं तेवढंच. कामाला चाललंय पोरगं. हसू नका, कामालाच! तुमची नोकरी बांबू वर-खाली करायची, त्याची त्याच्याहून अवघड हाय.

सून बाळंत झाली माझी, शरणम्मा. पहिलटकरीण. पोरगी झाली — एवढीशी, ओंजळीत मावंल. तोंडात धरती, दोनदा चोखती आन् दमून झोपती, जणू रान नांगरून आलीय. दूध न्हाय असं न्हाय — दूध मस हाय, तेच तर झालंय! पोरगी ओढंना, दूध तुंबलं, गाठी झाल्या, हात लावू देत न्हाय, थंडी वाजून ताप. एरंडाची पानं गरम करून बांधली. शेक दिला. कुणी म्हणलं तांब्या तापवून लावा, आपोआप ओढतोय — लावला. ओढलं काय न्हाय, पर तांब्याच निघंना! सून बोंबलायली, आन् माझा लेक माणिकप्पा तांब्याला धरून उभा, अव्वा, ओढू का नको म्हणून मलाच इचारायला. मग त्यो सोनारीला पळाला, भैरवनाथाचा अंगारा आणला, पोरीच्या कपाळाला लावला, तर पोरगी शिंकली — आजपातूर तेवढीच एक गोष्ट तिनं जोरात केलीय. बोळ्यानं शेळीचं दूध पाजायलोय, त्यातलं निम्मं गळ्यावर जातंय. शेवटी सुईण म्हणली, रुद्रम्मा, हे काम दणकट पोराचं हाय. ओढणारं पोरगं लावा, गाठी मोकळ्या होतील, ताप उतरंल, मग ह्या पोरीलाबी सोपं जाईल.

गावात दुसरं तान्हं न्हाय व्हय? हायत की. तीन घरात हायत आन् तिन्ही घरांशी माझं भांडण हाय. एक आपल्या आडाचं पाणी भरू देत न्हाय, दुसरीची म्हस आमच्या कडब्यात शिरती, आन् तिसरीशी कशावरनं झालं ते आता ध्यानात न्हाय, पर झालंय. मग म्या आज पहाटंच गाडी जुपून पांगरी गाठली. धरा, जरा धरा ह्याला, माझी कंबर गेली. असं न्हाय — मुंडकं सांभाळा, बंदूक धरल्यावानी काय धरताव! आता बघा त्याचं काम. बघा, बघा, गावला तुमचा बिल्ला! सरकारी पितळ हाय रं बाबा ते, त्यातनं काय निघायचं न्हाय. सोडवून बघा की. सुटतोय का? न्हाय सुटायचा. येताना गाडीवानाचा अंगठा असा धरला की गाडी बाभळीत गेली. ह्याच्या बापाच्या मिशीचं एक टोक दुसऱ्याहून लांब हाय, म्या डोळ्यानं बघितलंय.

मग अडचण काय म्हणताव? अडचण अशी हाय जमादार, की त्यो जावई हाय.

कुणाचा म्हणजे? शरणम्माचा. माझ्या सुनेचा. आता ह्यात डोळे फाडण्यासारखं काय हाय? बहिणीचं पोरगं आन् भावाची पोरगी, मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क असतोय, आमच्यात हेच चालत आलंय. ह्या गुरुलिंगाचं बारसं होतं पांगरीला, तवा सुनेला दिवस गेलेले. म्या सगळ्या बायांसमोर सुनेच्या पोटावर हात ठेवला आन् म्हणलं, पोरगी झाली तर ह्याची. सुपारी फोडली. पोरगा झाला असता तर? तर पुढच्या खेपेची, त्यात काय! आन् झाली पोरगीच. म्हणजे सोयरीक पक्की झाली. आन् आता सून काय म्हणती — जावईबापूला पदराखाली कसं घेऊ? पर्वा नुसतं नाव काढलं तर तापात उठून बसली आन् डोक्यावर पदर ओढला! जावई आले की पाय धुवायला पाणी द्यायचं असतंय म्हणली, पाट मांडायचा असतोय, आन् तुमी मला हे काय करायला सांगताव अत्या? कुठल्या नरकात जागा मिळंल मला? सहा महिन्याचा जावई, जमादार! त्याला अजून बसता येत न्हाय, पाट कुठं मांडायचा? पर ती म्हणती तेबी खरंच हाय. हे प्यायलं म्हणजे हे आन् माझी नात एका पदराखालची झाली. तुमच्यातबी दूधबहिणीशी निका चालत न्हाय ना? हां. ते सगळीकडं सारखंच हाय.

म्हणून सून म्हणती, आधी सोयरीक मोडा, मग आणा. आन् ही माझी लेक म्हणती, दुधाचं म्या मानत न्हाय, पर सोयरीक मोडायची असंल तर पोरगं देत न्हाय. व्हय, शांताक्का पाजंल की पोरीला, ती कबूल हाय, पर सुनेच्या गाठीचं काय? ते काम ह्या पोराचंच हाय. मग म्या काय केलं — जरा इकडं या, हळू बोलू, तिला ऐकू जाईल — म्या दोघींनाबी व्हय म्हणलं. सुनेला सांगितलं, मोडली. लेकीला सांगितलं, मोडत न्हाय. आता तुमी असं बघू नका. ताप चढायलाय घरात, तवा खरं-खोटं निवडत बसायचं व्हय? गाठी फुटू द्या, मग बघता येईल. पर सून पक्की हाय. ती म्हणती, अत्या, तुमच्या तोंडावर भरवसा न्हाय, दूध उतरलं की तुमी पुन्ना सुपारी फोडताल, मोडल्याचा गवाह आणा, बाहेरचा. कुठनं आणू? घरात मोडली म्हणलं की पांगरीला कळतंय. मग मला तुमची याद आली. बिल्लेवाला माणूस, खोटं कशाला बोलंल? ह्या गाडीवानाला — त्यो सुनेच्या माहेरचा हाय, त्यो जाऊन सांगतोय — त्याला तिकडं चिंचंखाली न्या आन् नुसतं म्हणा, रुद्रम्मानं माझ्यासमोर सोयरीक मोडली. एवढंच. तुमचं काय जातंय?

न्हाय म्हणताव? कामून? खोटं न्हाय ते, नुसतं आधी बोलून ठेवायचंय — तसं न्हाय जमत? दूध प्यायलं की प्यायलं, मागं फिरत न्हाय म्हणताव? एका घोटानंबी? जमादार, हे चोखंल आन् थुकंल असं केलं तर? गिळू नको म्हणू त्याला. गाल दाबून धरू. त्ये गाठीचं दूध, त्याला काय दूध म्हणायचं का, त्यो तर निचरा हाय... बरं, बरं. न्हाय तर न्हाय. लई इमानदार हाव. असली इमानदारी त्या दिशी जरा कमी केली असती तर हे झालंच नसतं.

कुठल्या दिशी म्हणजे? पोरगी झाली त्या दिशी! हीच शांताक्का, तिला आणायला धाडलेली हीच गाडी, हाच बांबू. बाळंतविडा घेऊन निघाली होती, डिंक, हळीव, खोबरं. तुमी म्हणलाव गाठोडं सोडा. सोडलं. डिंक सांडला मातीत. ही तुमच्याशी भांडली आन् रुसून माघारी पांगरीला गेली. तुमचा काय कसूर, तुमचा हुकूम तसाच. पर आमच्या घरात रीत हाय — लेकराच्या आत्यानं येऊन आईची छाती धुवायची, मग लेकराला पहिल्यांदा अंगावर घालायचं. आत्याच माघारी गेली! निरोप धाडला, येत न्हाय म्हणली. दुसरा धाडला. हिकडं पोरगी नुसतं तोंड वासायली, तवा चांगली ताकद होती तिच्यात, मूठ तोंडात घालायची, ओढायची. सुनेचा पदर भिजून गेलेला. म्हणायली, अत्या, घेऊ का आता? गुळाचं पाणी द्या म्हणलं. चीक पिळून टाक म्हणलं. गाईचा चीक आमी खरवस करून बोटं चाटत खातोय, जमादार, वासरालाबी थेंब ठेवत न्हाय, आन् माणसाचा चीक चुलीमागं राखंत ओतला. पोरगी ओढायची थकली मग. तुमच्यामुळं झालं हे सगळं, ह्या बांबूमुळं... न्हाय. तुमी काय माझ्या माजघरात येऊन बांबू आडवा घातला न्हाय. आता काय करायचंय ते बोलून.

तुमी म्हणताल, एवढी कसली सोयरीक घेऊन बसलीस म्हातारे, मोडून टाक खरोखरची. तुमाला सोपं हाय. तुमची लेक कुठं दिलीय? हैद्राबादला? मग इचारा स्वतःला. ही इथनं पांगरी, बैल एका दमात जातोय, पर मधी तुमचं हे लाकूड हाय, पलीकडं दुसरं राज, दुसरा पैसा. कवा येती ही? दिवाळीला. पंचमीला कवा येती, कवा न्हाय. म्या हाय तवर येती. म्या गेल्यावर माणिकप्पा निरोप धाडंल? त्याला तांब्या ओढायचा का नको ते कळत न्हाय! म्हणून म्या म्हणलं, नात तिच्या घरात गेली की दोन्ही घरं शिवून टाकल्यावानी होतील. येणं-जाणं ऱ्हाईल. माझी लेक घरची ऱ्हाईल. मला लई भ्या वाटतंय हो, की म्या डोळे मिटले की हिला ह्या वाटंनं यायचं कारणच उरायचं न्हाय. बाकी मला सोयरिकीचं काय करायचंय, पोरगं तर बापावर गेलंय, नाक बघा त्याचं.

अरं अरं अरं — लागलं बोंबलायला! बिल्ला कामून काढून घेतलाव तोंडातनं? राहू द्यायचा की, सरकारचं काय झिजत होतं? उगी, उगी रं राजा. आता हे न्हाय ऐकायचं, बघा कसं निळं व्हायलंय. शांताक्का! अगं, न्हाय, घेऊ नको तू, तू घेतलंस तर... शांताक्का?

कवापासनं तोंड इकडं केलंय हिनं?

जमादार, म्या लई मोठ्यानं बोलले का हो? सगळं? दोघींना व्हय म्हणलं, तेबी? आन् चीक टाकल्याचं... बघा तिच्याकडं. कशी बघायलीय. ल्हानपणी अशी बघितली की मागनं एक-दोन दिवस जेवायची न्हाय. आता ही गाडी माघारी वळवती बघा. एकदा वळवलीय तिनं इथनंच. शांताक्का, ऐक. अगं ऐक तर! घरी ती पोरगी रडतबी न्हाय गं आता. शरणम्मा तापात बडबडायलीय. तू वळू नको. मोडली. ऐकलंस? ह्या जमादारासमोर, ह्या बांबूसमोर, खरोखरची मोडली, सुपारी मोडली, पुन्ना फोडायची न्हाय. माझ्या गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगते. गाडीवाना, तूबी ऐक आन् सांग जाऊन. तुझं पोरगं दुसऱ्या कुणाचा जावई होऊ दे, आज त्याला नुसतं पिऊ दे. झालं. आता काय शिवायचं ऱ्हायलं न्हाय.

उतरली. द्या, द्या तिच्याकडं पोरगं, मधी येऊ नका. मुका बी घेतला न्हाय त्याचा, डोकं नुसतं खांद्यावर दाबलं. बांबू वर करा की जमादार, काय बघायलाव! अगं, मला तरी चढू दे, शांताक्का, म्या हाय अजून खाली! अगं थांब — ए गाडीवाना! गेली की. मला उन्हाचं दिसंना, जमादार, सांगा की, कुठल्या अंगाला वळली? पांगरीकडं? न्हाय? नीट बघा. गावाकडं? गावाकडंच ना? तेवढ्या जोरात बैल हाणायलीय? हाणू द्या. भुकेलं हाय पोरगं, लवकर पोचलेलं बरं.

न्हाय, बसत न्हाय. चालत जाते म्या. पदर भिजलाय तो पोरानं, रडले न्हाय म्या. तुमीबी बिल्ला पुसा, सगळी लाळ लागलीय. आन् बांबू कशाला खाली घेताव पुन्ना? म्या एकलीच हाय की. घ्यायची तर घ्या झडती — हे बघा दोन्ही हात, हा पदर. काय न्हाय आता माझ्याकडं. व्हा बाजूला.