न कळलं तर शांतता भर

मंगळवार, सकाळी साडेदहा, अग्निशमन दलाच्या कचेरीतली चौकशीची खोली — बातमीची सुरुवात अशी करा, रडण्याबिडण्यापासून नको. टेबलावर स्पीकर, आणि त्यातून काहीच नाही. काहीच म्हणजे खरखरसुद्धा नाही. समोरच्या बाकावर ती निळ्या स्वेटरमधली बसलीय ना — हळू, बघू नका तिकडे — ती आगीत गेलेल्या माणसाची मोठी बहीण. गोदामाला आग लागली, भाऊ आत अडकला, त्यानं या अग्निशमनवाल्यांना फोन केला. यांनी सांगितलं, आतच थांब, आम्ही येतोय. तो बिचारा थांबला. ती शपथेवर सांगते, त्यानं लगेच मला फोन करून हेच सांगितलं म्हणून. हे म्हणतात, आम्ही असं बोललोच नाही, हवं तर रेकॉर्डिंग ऐका. घ्या, ऐका.

मी कोण? मला वाटलं, ठाऊक आहे म्हणूनच शेजारी येऊन बसलात. आवाजाच्या, चित्राच्या फायली उघडणारं, एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेणारं ते सॉफ्टवेअर — ते मी सांभाळते. फुकटचं आहे, कोणीही घ्यावं, कोणीही वापरावं. माझ्या दिरांनी सुरू केलं, राब राब राबले, मग एक दिवस म्हणाले, वहिनी, आता तुम्हीच बघा, आणि मधमाश्या पाळायला गेले. मधमाश्या निदान तोंडावर चावतात, म्हणाले. कारण आमचे लोक कसे — चाललं तर चकार शब्द नाही, बिघडलं की शिव्या. त्यामुळे आमच्यात रीतच पडली, ज्याची तक्रार येत नाही ते कोणी वापरत नाही, ते मेलेलं. सगळं नव्यानं बांधायला घेतलं तेव्हा मेलेलं काढून टाकलं. त्यात जुन्या टेलिफोन-रेकॉर्डरचा आवाज वाचणारा भाग गेला. आणि तो इथं, याच इमारतीत, वर्षानुवर्षं मुकाट्यानं चालत होता. मला काय स्वप्न पडणार होतं?

फाइल वाचलीच गेली नाही हे कोणाला कळलं कसं नाही, म्हणता? फाइल वाचता आली नाही की सॉफ्टवेअर अडायचं, बोंब मारायचं, पूर्वी तसंच होतं. पण मोठमोठ्या कंपन्या मागे लागल्या, एका फाइलपायी आमच्या हजार फायली खोळंबतात म्हणून. तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये ती ओळ आली — न कळलं तर शांतता भर आणि पुढे चल. लांबी बरोबर, तारीख बरोबर, फाइल दिसायला धडधाकट. आत ठार मुकी. साधी ओळ आहे हो, भांडी घासता घासता सुचली मला — हे लिहू नका. किंवा लिहा. काय फरक पडतो.

काढलेला भाग परत बसवा म्हणता? बसवला की, कळल्याच्या दुसऱ्या दिवशी. चोख चालतो. पण त्याला खायला मूळ फाइल हवी ना — यांनी सगळ्या फायली नव्या प्रकारात नेल्या आणि मूळच्या पुसून टाकल्या. कोणाच्या सांगण्यावरून? आत तिघांना विचारलं, तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि साहेब म्हणाले, चहा घेऊ या.

सरका, मला बोलावतायत. माझ्या मागे येऊ नका, मी आणखी काही बोलणार नाही. एवढं मात्र खोडू नका — चौकशी गेल्या महिन्यात सोमवारी जाहीर झाली, फायली त्याच आठवड्यात बुधवारी पुसल्या.