बाबलोचा उजवा कौल

भाषेच्या वादात आमच्या डिचोलीकरांनी फुटबॉलचा सामना कसा घालवला, ऐका. देशभरातल्या संघांची ती स्पर्धा तेव्हा नवीनच होती. एकदा हरला की संघ सरळ घरी. आमच्या संघाचा गोलकीपर वाड्यावरचा बाबलो, म्हणून विजयासाठी आम्ही देवाला कौल लावायला जमलो. पण गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मागणं, कोकणीत घालायचं की मराठीत, यावर तासभर भांडलो. तेवढ्यात मूर्तीला चिकटवलेली उजवी पाकळी पडली. देवाचा होकार आला म्हणून आम्ही पेढे वाटले.

चौथ्या दिवशी बाबलो पिशवी घेऊन बसमधून उतरला. पहिलाच सामना हरले होते.

वाड्याच्या मंडळाचे अध्यक्ष तडक देवळातल्या भटजींकडे गेले. “देवानं उजवा दिलेला ना?”

“दिलेला. तुम्ही भांडत होता, म्हणून गाऱ्हाणं बाबलोच्या आवयनं घातलं. म्हणाली, माझा झील बाबलो लवकर घरी येऊ दे.”

अध्यक्ष म्हणाले, “कोकणीत म्हणाली की मराठीत?”