सर्जा कुणाचा?

जमिनीवरून कोर्टात जाणारे भाऊ तुम्ही पाहिले असतील राव, आमचे तात्या आणि काका एका बैलावरून गेले होते! चाकणकडे तेव्हा कंपन्या कुठल्या, सगळा कारभार बैलांवरच.

आजोबांनी मृत्युपत्रात सर्जा बैल तात्यांना दिला, राजा काकांना. पण सर्जा आजोबांच्या आधीच मेला. त्यांनी बाजारातून दुसरा बैल आणला, आणि वर्षभरात स्वतःही गेले.

काकांचा वकील म्हणाला, "मृत्युपत्रातला सर्जा मेला. नव्या बैलात दोघांचा निम्मा-निम्मा हक्क."

तात्या उसळले. "साहेब, आमच्यात उजवीकडं जुपत्यात त्याला सर्जाच म्हनत्यात. बैल मरतो, सर्जा न्हाई मरत! इचारा ह्यालाच."

जज्जसाहेबांनी काकांना विचारलं, "नव्या बैलाला तुम्ही काय हाक मारता?"

काका मान खाली घालून म्हणाले, "सर्जा."

झालं! सर्जा तात्यांचा, राजा काकांचा. जज्जसाहेब म्हणाले, "निघा आता, आपापला बैल घेऊन."

दोघंही जागचे हलेनात. शेवटी काका म्हणाले, "साहेब, बाहेर आमच्या गाडीला हीच जोडी जुपलीय. मग आमी घरी जायाचं कसं?"